थंडीच्या कडाक्यात बंद पडणारी घरगुती भट्टी : एक कारणमीमांसा

उत्तर अमेरिकेच्या ज्या प्रदेशांत हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतो, त्या प्रदेशांत घर उबदार ठेवणे ही केवळ सुखसोयीची बाब राहत नाही; तो जीवितरक्षणाचा प्रश्न होतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ऑन्टेरिओ किंवा मॅनिटोबा येथील असंख्य घरांच्या तळघरांत या कामासाठी एक यंत्र बसविलेले असते. त्यास तिकडे ‘फर्नेस’ म्हणतात. ‘भट्टी’ हा मराठी शब्द कुंभाराच्या अथवा चुन्याच्या भट्टीची आठवण करून देणारा असला, तरी अर्थाच्या दृष्टीने तो चालण्यासारखा आहे. ही भट्टी म्हणजे पत्र्याचे एक उभे कपाट होय. त्यात नैसर्गिक वायू जळतो, त्या ज्वलनाने धातूच्या पोकळ कोठ्या तापतात, कोठ्यांच्या बाहेरून घरातील हवा वाहविली जाते, आणि तापलेली हवा पत्र्याच्या नळकांड्यांतून खोल्याखोल्यांत पोहोचते. महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यास या यंत्राचा परिचय बहुधा ते बंद पडते त्या रात्रीच होतो.

ऑक्टोबरात निर्वेध चालणारी ही भट्टी नेमकी सर्वांत थंड रात्रीच का थांबते, हा प्रश्न वरवर दैवाचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, आणि ते बरेच बोधप्रद आहे. थंडीत थांबलेली भट्टी बहुतेक वेळा मोडलेली नसते. तिच्यातील एखाद्या रक्षक कळेने तिला थांबविलेले असते. म्हणून दोष शोधणाऱ्याने ‘काय मोडले?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या कळेने आणि कशावरून थांबविले?’ असे विचारावयास हवे. या दोन प्रश्नांतील भेद केवळ शब्दांचा नाही. पहिल्या प्रश्नाच्या मागे लागून रक्षक कळच निकामी करणाऱ्याच्या घरात विषारी वायू शिरण्याचा संभव असतो.

१. ‘चालत नाही’ आणि ‘पुरत नाही’

प्रथम एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. घरातून बाहेर निसटणारी उष्णता ही आतील व बाहेरील तपमानांच्या फरकाच्या प्रमाणात असते. घरात २० अंश सेल्सिअस राखावयाचे असून बाहेर ५ अंश असतील, तर हा फरक १५ अंशांचा होतो; बाहेर उणे २५ अंश असतील, तर तो ४५ अंशांचा, म्हणजे तिप्पट होतो. वारा, ऊन इत्यादी गोष्टी क्षणभर बाजूला ठेवल्या, तर पहिल्या दिवशी तासातून वीस मिनिटे चालून भागविणाऱ्या भट्टीस दुसऱ्या रात्री साठही मिनिटे अखंड चालावे लागेल. पारा उणे ३० पर्यंत गेला, तर हीच भट्टी अखंड चालूनही ४५ अंशांचाच फरक राखू शकेल आणि घर १५ अंशांवर अडून राहील. अशा वेळी यंत्रात कोणताही दोष नसतो. त्याची शक्ती संपलेली असते. तेव्हा भट्टी चालू असून घर गार आहे, की भट्टीच थांबली आहे, हा विवेक दोषशोधाची पहिली पायरी होय. पुढील विवेचन दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

२. प्रज्वलनाचा क्रम

घराच्या तपमानावरून भट्टीचे नियमन करण्याची कल्पना जुनी आहे. मिनीॲपोलिस येथील आल्बर्ट बुट्झ यांनी १८८५-८६ च्या सुमारास कोळशाच्या भट्टीची हवेची झडप आपोआप उघडझाप करणारे साधन तयार केले. खोली गार झाली की झडप उघडावी, विस्तव फुलावा, आणि खोली तापली की झडप मिटावी, एवढेच त्याचे कार्य होते. आजच्या भट्टीत याच कल्पनेचा विस्तार झालेला आहे. मात्र आता यंत्र आज्ञा पाळण्यापूर्वी प्रत्येक पायरीवर पुरावा मागते.

भिंतीवरील थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी केली, की भट्टीतील नियंत्रक फलक तापमर्यादा राखणाऱ्या कळा मिटलेल्या आहेत याची प्रथम खात्री करून घेतो. नंतर जळके वायू बाहेर खेचणारा लहान पंखा सुरू होतो. तो खरोखरीच खेचतो आहे किंवा नाही हे एक दाबकळ ठरविते. पंख्याच्या ओढीने निर्माण झालेला अल्पसा ऋण दाब रबरी नळीतून तिच्या पडद्यावर येतो आणि पडदा सरकून कळ मिटते. ती मिटल्यावरच प्रज्वालक तापून लाल होतो. मगच वायूची झडप उघडते आणि ज्योत पेटते.

ज्योत पेटली हे यंत्रास कळावे कसे? धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आहे. भट्टी हे अनुमान विजेवरून करते. ज्योतीतील वायू अंशतः आयनीभूत असल्यामुळे ज्योत विजेची दुर्बल वाहक असते. तिच्यात एक धातूची कांडी धरून प्रत्यावर्ती दाब लावला, तर कांडीचे पृष्ठ लहान व ज्वालकाचे पृष्ठ मोठे असल्याने एका दिशेस प्रवाह अधिक वाहतो आणि परिणामी एकदिश प्रवाह मिळतो. तो अवघा काही मायक्रोॲम्पिअर असतो. परंतु केवळ तारांचा परस्परांस स्पर्श होऊन असे एकदिशीकरण घडत नाही, म्हणून हा पुरावा विश्वसनीय मानला जातो. काही सेकंदांत तो न मिळाल्यास वायूची झडप मिटते. मिळाल्यास थोड्या अवधीनंतर घरात हवा वाहविणारा मोठा पंखा सुरू होतो.

या सर्व कळा एकसर जोडणीत असतात. एक उघडली की सारे थांबते. तार तुटली, नळी निसटली किंवा पडदा फाटला, तरी परिणाम थांबण्याचाच होतो. संशय आला असता थांबावे, या तत्त्वावर संपूर्ण रचना उभी आहे. काही वेळा प्रयत्न करूनही ज्योत सिद्ध झाली नाही, तर नियंत्रक फलक स्वतःस काही काळ कुलूपबंद करून घेतो आणि एका लहान दिव्याच्या लुकलुकण्याने कारणाची खूण देतो. या लुकलुकण्यांचा अर्थ सांगणारा तक्ता बहुधा दाराच्या आतील बाजूस चिकटविलेला असतो.

३. काटकसरीतून उद्भवलेले पाणी

थंडी या साखळीत नेमकी कोठे शिरते? याचे महत्त्वाचे उत्तर पाण्याशी निगडित आहे. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. मिथेनचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन रेणू निर्माण होतात; वजनाच्या हिशेबाने १६ ग्रॅम मिथेनपासून ३६ ग्रॅम पाणी होते. २४ किलोवॅट उष्णताशक्तीचा वायू अखंड जाळणाऱ्या भट्टीत दर तासाला सुमारे दीड किलोग्रॅम मिथेन जळतो आणि जवळजवळ साडेतीन किलोग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने तयार होते.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत ही वाफ तशीच धुराड्यावाटे निघून जाई. तिच्यात अप्रकट रूपाने सामावलेली उष्णता ही ज्वलनाच्या एकूण उष्णतेच्या सुमारे एक दशांश असते, आणि ती वाया जाई. नव्या पद्धतीच्या संघनक भट्टीत जळके वायू दुसऱ्या एका कोठीतून फिरवून इतके थंड करतात की, त्यांतील वाफेचे पाणी व्हावे. त्यासाठी ते सुमारे ५५ अंशांच्या खाली यावे लागतात. अशा रीतीने वाफेतील उष्णता घराच्या कामी येते आणि यंत्राची कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या पलीकडे जाते.

परंतु या लाभाबरोबर एक नवे दायित्व येते. भट्टीस आता धुराप्रमाणेच पाणीही बाहेर टाकावे लागते. हे पाणी आम्लधर्मी असल्यामुळे ते प्लास्टिकच्या नळीने नेतात. वाटेत न्हाणीच्या मोरीला असतो तशा प्रकारचा ट्रॅप असतो. त्यात पाणी सदैव साचून राहते, म्हणून जळके वायू त्या वाटेने घरात येत नाहीत. भट्टी उबदार तळघरात असेल, तर यात काही बिघडत नाही. ती पोटमाळ्यावर, मोटारीच्या खोलीत किंवा जमिनीलगतच्या अरुंद पोकळीत असेल, अथवा निचऱ्याची नळी भिंतीबाहेरून जात असेल, तर कडाक्याच्या रात्री ट्रॅपमधील वा नळीतील पाणी गोठते. मागून येणारे पाणी तुंबते, कोठीच्या तळाशी चढते आणि जळक्या वायूंची वाट अडविते. ओढ कमी पडते, दाबकळ उघडते, भट्टी थांबते.

येथे वरकरणी विचित्र वाटणारी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. निचऱ्याचे पाणी वेगाने वाहत असेल, तर ते गोठण्यापूर्वी नळीबाहेर पडते. थेंबाथेंबाने ठिबकत असेल, तर प्रत्येक थेंब नळीच्या गार कडेस चिकटतो आणि बर्फाचा थर वाढत जातो. म्हणून बाहेरची नळी अरुंद असणे, तिला उतार कमी असणे आणि तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन नसणे, हे तीन दोष एकत्र आले की गोठण्याचा संभव फार वाढतो.

ग्रेट ब्रिटनमध्ये या गोष्टीचा व्यापक अनुभव आला. तेथे घरे तापविण्यासाठी हवेऐवजी बहुधा पाणी तापवितात. परंतु ज्वलनाचे व संघननाचे तत्त्व तेच असते. इंग्लंड व वेल्स येथे एप्रिल २००५ पासून नव्या बसविल्या जाणाऱ्या वायुज्वलित बॉयलरांस, काही अपवाद वगळता, संघनक पद्धतीचे असणे नियमाने आवश्यक झाले. डिसेंबर २०१० हा तेथील शंभर वर्षांतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला, आणि भिंतीबाहेरून नेलेल्या निचरा-नळ्या गोठून मोठ्या संख्येने बॉयलर थांबले. त्यांतील पुष्कळसे बॉयलर यंत्र म्हणून निर्दोष होते. दोष नळी कोठून न्यावी या निर्णयात होता, आणि तो निर्णय सौम्य हिवाळे गृहीत धरून घेतलेला होता. त्यानंतर नळी शक्यतो घरातूनच न्यावी, बाहेर न्यावीच लागल्यास ती रुंद, आखूड, उतरती व वेष्टित असावी, या सूचनांवर अधिक भर दिला जाऊ लागला.

गोठलेल्या नळीवर उपाय साधा आहे. नळीवर बाहेरून कोमट पाणी ओतावे किंवा गरम पाण्याच्या पिशवीने ती शेकावी. उकळते पाणी मात्र वापरू नये. त्याने प्लास्टिक तडकते, आणि खाली सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन पाय घसरण्याचे भय असते.

४. हिम आणि श्वासनलिका

संघनक भट्टीचे जळके वायू थंड असल्यामुळे ते उंच धुराड्याने आपोआप वर चढत नाहीत. पंख्याने ढकलून त्यांना भिंतीतील प्लास्टिकच्या नळीवाटे बाहेर काढावे लागते. ज्वलनासाठी लागणारी हवाही बहुधा तशाच दुसऱ्या नळीने बाहेरून आत घेतात. या नळ्यांची तोंडे जमिनीपासून फार उंच नसतात. वाऱ्याने हिमाचा ढीग भिंतीशी साचला की एक किंवा दोन्ही तोंडे बुजतात. हिमवर्षाव नसतानाही धोका टळत नाही. बाहेर पडणाऱ्या दमट वायूतील वाफ कडाक्याच्या थंडीत नळीच्या ओठावरच गोठते आणि तोंड हळूहळू आवळत जाते. ही दोन तोंडे परस्परांच्या अतिनिकट असली, तर बाहेर टाकलेली दमट हवा पुन्हा आत ओढली जाते व आतल्या नळीतही बर्फ धरतो. या सर्व प्रकारांत भट्टीच्या अंतर्भागात काहीही बिघडलेले नसते. तिचा श्वास कोंडलेला असतो, आणि दाबकळ तेच सांगत असते.

इंधनाच्या बाजूनेही थंडी शिरू शकते. न्यू इंग्लंडमधील पुष्कळ घरे खनिज तेलावर तापवितात. तेलाची टाकी उघड्यावर असेल, तर शून्याखाली साधारणतः दहा अंशांच्या आसपास तेलात मेणाचे स्फटिक दिसू लागतात आणि गाळणी तुंबते. म्हणून अशा टाकीतील तेलात हिवाळ्यात केरोसीन मिसळण्याची प्रथा आहे. प्रोपेन वायू उणे ४२ अंशांस उकळतो. त्या तपमानाकडे पारा जसजसा झुकतो, तसतसा टाकीतील बाष्पदाब घटतो आणि पुरवठा क्षीण होतो.

५. अखंड श्रमाने उघडे पडणारे दोष

थंडी आणखी एका प्रकारे काम करते. ती नवे दोष निर्माण न करता जुने दोष उघडकीस आणते. हवेची गाळणी धुळीने भरली असेल, तर कोठ्यांवरून जाणारी हवा कमी होते आणि कोठ्या प्रमाणाबाहेर तापू लागतात. सौम्य हवामानात भट्टी दहा मिनिटे चालून थांबत असल्याने ही गोष्ट लक्षात येत नाही. कडाक्यात ती अखंड चालते, तपमान मर्यादेपर्यंत पोहोचते आणि तापमर्यादा-कळ ज्योत बंद करते. अतिथंड रात्री भट्टी अति तापल्यामुळे थांबावी, हा विरोधाभास केवळ दिसण्यापुरता आहे.

ज्योत ओळखणाऱ्या कांडीचेही असेच आहे. वापराबरोबर तिच्यावर विद्युत्‌रोधक असा पातळ थर बसतो. प्रवाह घटत घटत किमान मर्यादेखाली गेला की ज्योत समोर असूनही यंत्रास ती दिसेनाशी होते. वीजपुरवठा बंद करून ही कांडी तारेच्या मऊ घासणीने हलक्या हाताने पुसली, तर बहुधा तेवढ्याने भागते.

६. दोषशोधाची पद्धती

वरील विवेचनावरून दोषशोधाची रीत सहज निष्पन्न होते. भट्टीचा क्रम ठरलेला आहे. म्हणून ती कोणत्या पायरीपर्यंत पोहोचून थांबते, एवढे पाहिले की शोधाचे क्षेत्र संकुचित होते. थर्मोस्टॅटवरील मागणी वाढवावी आणि भट्टीजवळ उभे राहून लक्षपूर्वक ऐकावे व पाहावे.

काहीच हालचाल झाली नाही, तर थर्मोस्टॅटचे विद्युत्‌घट, घराच्या वीजफलकावरील खटका, भट्टीलगतचे बटण आणि भट्टीचे दार नीट बसले आहे की नाही, या गोष्टी तपासाव्यात. भट्टीजवळचे बटण दिव्याच्या बटणासारखे दिसते आणि अनवधानाने बंद केले जाते. दार सैल असल्यास त्यामागील कळ सर्व वीज तोडते. लहान पंखा फिरतो, पण प्रज्वालक तापत नाही, असे दिसल्यास संशय दाबकळेच्या बाजूस जातो. तेव्हा बाहेरील नळ्यांची तोंडे, ट्रॅप व निचरा-नळी पाहावी. प्रज्वालक तापतो, पण ज्योत लागत नाही, तर इंधनाचा पुरवठा तपासावा. ज्योत लागून चार-पाच सेकंदांत विझते, तर ज्योत ओळखणारी कांडी मळलेली असण्याचा संभव अधिक. ज्योत बराच वेळ चांगली जळून नंतर विझते आणि मोठा पंखा मात्र फिरतच राहतो, तर प्रथम हवेची गाळणी काढून पाहावी.

याखेरीज अन्वय-व्यतिरेकाने एक मोलाचा पुरावा मिळतो. भट्टी दुपारी चालत असेल व पहाटे थांबत असेल, थांबणे बाहेरच्या पाऱ्याबरोबर येत-जात असेल, तर कारण बाहेरच्या हवेला उघड्या असलेल्या भागात शोधावे. ते बाहेरच्या पाऱ्याशी न जुळता चालण्याच्या अवधीशी जुळत असेल, तर कारण आत आहे. वीज बंद करून पुन्हा लावल्यावर भट्टी थोडा वेळ चालते, यावरून दोष गेला असे समजू नये. त्याने फक्त कुलूप निघते आणि यंत्रास पुन्हा काही प्रयत्नांची मुभा मिळते.

७. रक्षक कळेचा अवमान

येथवर सांगितलेल्या तपासण्या घरातील कोणाही समंजस माणसास करता येतील. त्यापुढे मात्र एक सीमा आहे. दाबकळेची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली, तर नियंत्रक फलकास ती मिटलेलीच दिसते आणि भट्टी पेटते. गारठलेल्या रात्री, घरात लहान मुले असता, हा मोह होणे अस्वाभाविक नाही. परंतु ज्या कारणाने कळ उघडली होती ते कारण तसेच राहते. जळक्या वायूंची वाट बंद असता ज्वलन चालू राहिले, तर ज्योतीस प्राणवायू अपुरा पडतो, मिथेनचे ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हीमोग्लोबिनशी जडण्याची त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे साध्या थकव्यासारखी भासतात, आणि झोपलेल्या माणसास ती जाणवतही नाहीत.

भट्टी थांबल्यावर पर्यायी उब शोधतानाही हाच धोका असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सस राज्यात असाधारण थंडीची लाट येऊन लक्षावधी घरांचा वीजपुरवठा तुटला. वायूवर चालणाऱ्या भट्टीसही पंख्यांसाठी व नियंत्रणासाठी वीज लागत असल्याने इंधन असूनही अशा भट्ट्या निरुपयोगी झाल्या. उबेसाठी काहींनी बंद जागेत मोटारीचे इंजिन चालू ठेवले, काहींनी कोळशाच्या शेगड्या पेटविल्या, काहींनी जनित्रे घराला लागून लावली. आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने कित्येक माणसे दगावली. थंडीने जे साधले नसते ते उबेच्या शोधाने साधले.

म्हणून काही नियम निरपवाद मानले पाहिजेत. रक्षक कळ कधीही जोडतारेने बाद करू नये. वायूचा वास आल्यास कोणतेही बटण न दाबता घराबाहेर पडावे आणि बाहेरून वायूपुरवठा संस्थेस कळवावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या खोल्यांजवळ असावे. तेच वाजले असेल, तर भट्टी का थांबली हा प्रश्न गौण ठरतो. प्रथम सर्वांनी मोकळ्या हवेत जावे. दुरुस्तीस विलंब होणार असेल, तर माणसे उबदार जागी हलवावीत आणि नळ गोठून फुटू नयेत म्हणून घराच्या पाण्याची मुख्य तोटी बंद करून नळ मोकळे करावेत.

तात्पर्य, संघनक भट्टीचा हिवाळी दोष हा बहुधा तिच्या गुणाचाच उपसिद्धान्त आहे. वाया जाणारी वाफ तिने कामी आणली, म्हणून पाणी आले. पाणी आले, म्हणून ते गोठण्याचा प्रश्न आला. या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या आत कमी आणि यंत्र कोठे बसविले, नळी कोठून नेली, तिचे तोंड किती उंचीवर ठेवले, गाळणी केव्हा बदलली, यांत अधिक असते. ही सर्व कामे शरद ऋतूत, दिवसाउजेडी, निवांतपणे करता येण्याजोगी आहेत. जानेवारीच्या रात्री दाबकळ उघडते, तेव्हा ती बहुधा शरदात राहून गेलेल्या अशाच एखाद्या कामाकडे बोट दाखवीत असते.